आक्काला रडू द्या

आज 26 जुलै. गावच्या शाळेत कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता आणि आमच्या आक्काला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, फोटो. माईकवरचा माणूस म्हणाला, "वीरपत्नी कधी रडत नसते!" टाळ्या पडल्या आणि मागं बसल्या बसल्या माझ्या अंगाची नुसती आग झाली.

हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी ऐकलंय. दाजी काश्मीरला चकमकीत गेले, तिरंग्यातली पेटी अंगणात आली, आक्का हंबरडा फोडणार तेवढ्यात एका पुढाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर तिला सांगितलं, ताई रडायचं नाही, देश बघतोय. ती थांबली ती थांबलीच. गाव म्हणतं, किती खंबीर बाई. कशाची खंबीर, रात्री दोन वाजता उठून दाजींची काळी ट्रंक उघडते, कपडे काढते, परत घड्या घालते, जेवण जात नाही, सारखं डोकं दुखायलंय म्हणते आणि गावातला डॉक्टर सलाईन लावून घरी पाठवतो. सहा वर्षं सलाईन! डिप्रेशन म्हणायला कुणी तयार नाही, म्हणलं की लगेच "डोक्यावर परिणाम झालाय".

पेन्शन मिळते, मान्य. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला आपल्याकडं एक लाख, तेबी 'पात्र' ठरलं तर, हेही मान्य. पण पेन्शननं झोप लागते का? आणि स्टेजवर पहिली खुर्ची देणाऱ्या बायाच मंगळागौरीला आक्काला आवतन देत नाहीत. बाईचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवायचं. 2017 पर्यंत तर शौर्यपदकवाल्या जवानाच्या विधवेनं दुसरं लग्न केलं की पदकाचा भत्ता बंद, दिराशी केलं तरच चालू. दिराशी! तिला कुणी विचारलं होतं?

आक्का एकदाच फुटली. मागच्या वर्षी सैनिक कल्याण कार्यालयात कागदं घेऊन गेलतो, तिथं बाकड्यावर शेजारच्या तालुक्यातली एक तशीच बाई बसलेली. बोलता बोलता ती म्हणली, "माझ्याकडं बी ट्रंक हाय, मी अजून उघडली नाही." झालं. आक्का तिच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडली, मी पाण्याची बाटली धरून उभी. त्या रात्री उजाडेपर्यंत झोपली ओ ती! आता दोघींचा रोज रात्री फोन असतो. अशा चार बाया महिन्यातून एकदा एकत्र बसवायला किती खर्च येतो? शालीएवढा तरी येतो का?

परवा मी तिला 14416 लावून दिला, टेलिमानसचा, म्हणजे सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीबी लागतो. त्यांनी डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. सोमवारी सातच्या एसटीनं आम्ही दोघी सिव्हिलला चाललोत. कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांग, म्हणायलीय. तिला तसं पाहिजे तर तसं सांगीन.