पाण्यात सोडण्याआधी पाय बघा
सापडलेलं कासव आधी पाण्याच्या टबात ठेवा, असं लेखात म्हटलंय. कृपया ते वाक्य बदला. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. आधी पाय बघा. हत्तीसारखे जाड, ठोकळ पाय आणि घुमटासारखी पाठ असेल तर ते जमिनीवरचं. बोटांमध्ये पडदा असेल तर पाण्यातलं. जमिनीवरच्याला पसरट ताटलीत हनुवटीपर्यंत येईल एवढंच पाणी पुरतं. खायला हिरवा पाला द्या, दूध-पाव अजिबात नको. कवचाला पाडलेलं भोक किंवा रंगाची खूण दिसली तर बहुतेक कुणाचं तरी पाळलेलं असेल, आसपास विचारा. आणि तडकलेल्या कवचाला घरचा गोंद लावू नका हो, आत जिवंत हाड असतं, त्याला दुखतं! थेट पशुवैद्याकडे न्या. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो.