व्हीनस द मिलो: सांधा म्हणजे तडा नव्हे

नमस्कार. व्हीनस द मिलो, म्हणजे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली हात नसलेली प्राचीन ग्रीक संगमरवरी देवीमूर्ती, दोन दगडांची आहे, या माझ्या वाक्याला तुम्ही हरकत घेतलीत. तुमच्या मते मूर्ती अखंड शिळेतली होती. १८२० मध्ये मेलोस बेटाच्या किनाऱ्यावर फ्रेंच आणि तुर्क यांच्या ओढाताणीत ती कंबरेत मोडली, हातही तिथेच गेले आणि लूव्रने तुकडे चिकटवले. शिवाय मूर्ती प्राचीन ग्रीसचा नामवंत शिल्पकार प्राक्सितेलीस याची आहे, हेही मी दडवलं म्हणता.

कंबरेतला जोड मूर्तिकाराचाच आहे. मोडलेल्या दगडाचा पृष्ठभाग ओबडधोबड असतो. इथे दोन्ही ठोकळ्यांची तोंडं सपाट घडवलेली आहेत. जागाही हेरून निवडली आहे: नितंबांवर जिथे वस्त्राची जाड गुंडाळी सुरू होते तिथे, म्हणजे रेघ घडीत लपते. डावा हात आणि डावं पाऊल वेगळं कोरून उभ्या खुंट्यांनी बसवलं होतं. मेलोस ज्या समूहात येतं त्या सायक्लेडीज बेटांवर ही नेहमीची रीत होती. २.०४ मीटर उंचीच्या मूर्तीला पुरेल एवढा निर्दोष ठोकळा मिळवणं आणि हलवणं महाग, आणि बाहेर आलेल्या हातासाठी शिळा रुंद घेतली तर बाकीचा दगड छिलून फुकट.

अशा जोडात बिघडतं ते सांध्यातलं धातुकाम आणि भरण. लोखंडाला गंज चढला की ते फुगतं आणि आतून संगमरवर फोडतं; म्हणून ग्रीक कारागीर लोखंडाभोवती वितळलेलं शिसं ओतत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, डागडुजी करणाऱ्या बालानोस या अभियंत्याने शिशाविना लोखंड वापरलं, तिथले दगड तडकले आणि पुढच्या पिढीला ते काढून टायटॅनियम घालावं लागलं.

लूव्रकडून चूक झाली, पण ती वेगळीच. १८२१ मध्ये दोन्ही भाग उभे करताना सांध्यात लाकडी पाचरी घालून वर प्लास्टर फासलं. वरचं धड त्यामुळे कलतं राहिलं, आणि पन्नास वर्षं लोकांनी त्या कलण्याचंही कौतुक केलं! १८७० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिसला घातलेल्या वेढ्यात मूर्ती पोलीस मुख्यालयाच्या तळघरात लपवली होती. तिथल्या ओलीने प्लास्टर सुटलं, पाचरी उघड्या पडल्या आणि लूव्रचे प्राचीन शिल्पांचे अभिरक्षक राव्हेसाँ यांनी त्या काढायला लावल्या. अखंड शिळा असती तर पाचर ठोकायला जागाच कुठे होती?

किनाऱ्यावरच्या मारामारीची गोष्ट अनेक दशकांनी छापली गेली. शेतकऱ्याला मूर्ती सापडली तेव्हा तिथे असलेल्या व्हूतिए या नौदल अधिकाऱ्याने लगेच चित्रं काढली, त्यांत हात नाहीत. मात्र ‘हात सापडलेच नाहीत’ हे माझं वाक्य ढिलं होतं, ते मान्य. डाव्या दंडाचा एक तुकडा आणि सफरचंद धरलेला पंजा मूर्तीजवळच मिळाला. (ग्रीकमध्ये सफरचंद म्हणजे ‘मेलोन’, बेटाच्या नावाशी जुळणारं.) पण तुटलेल्या कडा एकमेकींत बसल्या तरच तुकडा जोडता येतो. इथे मधला भागच नाही, त्यामुळे कोपर किती वाकलं होतं हे अंदाजाने ठरवावं लागेल. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ही आपली सवय संग्रहालयाला लावू नये. नाकाच्या शेंड्यासारख्या जागी मात्र तिथेही प्लास्टर लावलं गेलंच.

आता प्राक्सितेलीस. मूर्तीबरोबर बैठकीचा एक तुकडा आला होता. त्यावर ‘मेनिदीसचा मुलगा, मेआंदर नदीवरच्या अंतिओखचा नागरिक, याने घडवलं’ असा लेख होता. शिल्पकाराच्या नावाची पहिली अक्षरं तुटलेली. कोणी अलेक्झांद्रोस वाचतं, कोणी आगेसांद्रोस. हे अंतिओख शहर वसलं इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आणि प्राक्सितेलीस चौथ्या शतकातला. तुकडा पुढे लूव्रमध्येच गहाळ झाला. मूर्ती थोर अभिजात काळातली ठरावी, अशी तेव्हा अनेकांची इच्छा होती. पण दबे या चित्रकाराने १८२१ मध्ये काढलेलं रेखाचित्र उरलं. त्या तुकड्याच्या वरच्या बाजूला चौकोनी खोबणही दिसते, म्हणजे देवीच्या डाव्या बाजूला खांबासारखं काहीतरी उभं असावं. हाताचा विचार करायचाच तर या खोबणीपासून करा.