‘अक्षरे करड्यावर काळी दिसतात’ या आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. अधू नजरेसाठी ई-रीडर (फक्त पुस्तके वाचण्याचे यंत्र) सुचवणारा माझा लेख वाचून आपण आईंसाठी सहा इंची ई-रीडर घेतलात, आठवडाभरातच त्यांनी तो कपाटात ठेवून दिला आणि ‘करड्यावर काळी अक्षरे, त्यापेक्षा टॅबलेट बरा’ असे सांगितले. त्यावरून, अधू नजरेच्या माणसाला ई-इंक, म्हणजे ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा पडदा, सुचवणेच चूक आहे, असे आपले म्हणणे आहे. त्यातले निम्मे मला मान्य आहे.

लेखात मी ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके) या आकड्याचे नको तितके कौतुक केले होते. ज्याला अक्षर मोठे करूनच वाचायचे आहे, त्याला एका इंचात ठिपके किती बसतात यापेक्षा अक्षर पार्श्वभूमीवरून किती उठून दिसते हे महत्त्वाचे असते, आणि तिथे ई-इंक उणी पडते. टॅबलेटच्या एलसीडी पडद्यावर पांढऱ्या-काळ्यातले प्रमाण सहज हजारास एकच्या घरात जाते, तर ई-इंकवर ते साधारण दहा-पंधरास एक इतकेच भरते. शिवाय वयानुसार डोळ्याची बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते, आणि साठीत दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. म्हणून आपल्याला पुरेसा वाटणारा खोलीतला उजेड आईंना पुरत नसणार. यंत्राचा स्वतःचा दिवा डोळ्यांना बाधेल या समजुतीने पुष्कळ घरांत तो अगदी मंद ठेवलेला असतो; तो वाढवून आणि शेजारी टेबलदिवा लावून एकदा पाहावे. यंत्र रंगीत ई-इंकचे असेल, तर मात्र रंगांच्या गाळणीमुळे पडदा आणखी काळवंडतो, आणि अशा डोळ्यांसाठी मी ते आता कोणालाच सुचवणार नाही.

पण ‘सर्वांनाच टॅबलेट’ हा आपला निष्कर्ष मला पटत नाही, कारण नजर कमी होण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी असते. माझ्या मावशीला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होण्यापूर्वी टॅबलेटचे पांढरे पान नकोसे व्हायचे, कारण गढूळ भिंगात तो प्रकाश विखुरतो. ‘दिव्यासमोर धुके धरल्यासारखे’ असे ती म्हणायची, आणि खिडकीशी बसून ई-रीडरवर मात्र तासभर वाचायची. याउलट मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेला असेल, तर मोठे अक्षर, भरपूर उजेड आणि वाचून दाखवण्याची सोय हवी, आणि तिथे टॅबलेट निर्विवाद सरस ठरतो. काचबिंदूत नजरेचा परीघ आवळत जातो, आणि तो फार आवळला असेल तर अक्षर जास्त मोठे करणे उलटेच पडते, कारण एका नजरेत मावणारी अक्षरे कमी होतात.

आपल्या बाबतीत खरा दोष, माझ्या मते, सहा इंचांचा आहे. मावशीने अक्षर मनासारखे वाढवले तेव्हा ‘त्याच्याबरोबरच’ या एका शब्दाने जवळजवळ अख्खी ओळ अडवली आणि पुढची ओळ शोधताना ती दर वेळी चुकू लागली. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने अक्षराबरोबर ओळींमधले अंतरही वाढवावे लागते, म्हणजे पानावरच्या ओळी आणखी घटतात. मोठ्या अक्षरात दोन्ही कडा समान ठेवल्या की शब्दांमध्ये भोकेही पडतात, तेव्हा मजकूर फक्त डावीकडे जुळवावा. आणि पुस्तक पीडीएफ असेल, तर अक्षर मोठे केल्यावर पान तसेच राहून नुसते सरकवत बसावे लागते, मग यंत्र कितीही चांगले असो.

टॅबलेटची एक अडचण आपण लिहिलेली नाही, ती वजनाची. दहा इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, सात इंची ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास. मनगट दुखणाऱ्या माणसाला स्टँडशिवाय टॅबलेट धरवत नाही. बोटे थरथरत असतील, तर पान उलटण्यासाठी खरीखुरी बटणे असलेला ई-रीडर शोधावा.

नवीन काही घेण्याआधी एक करून पाहावे. घरातल्या टॅबलेटवर आईंना न अडखळता वाचता येईल इतके अक्षर लावावे. मग पुठ्ठ्यात नऊ बाय बारा सेंटिमीटरची खिडकी कापून ती पडद्यावर ठेवावी (सहा इंची पडदा एवढाच असतो) आणि त्या रुंदीत ओळीतले किती शब्द दिसतात ते मोजावे. चार शब्दसुद्धा दिसत नसतील, तर कपाटातला ई-रीडर तिथेच राहू द्यावा.