काटोल रोडवरचे धोंडे

आज सकाळी चहा उकळत असतानाच फॅमिली ग्रुपवर भाच्याचे एकवीस फोटो येऊन पडले. स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडातलं ते हजारो वर्षं जुनं दगडांचं कडं. नवं जॅकेट, गॉगल, मागे लांबवर दगड. खाली साहेबांनी लिहिलंय, "आपल्याकडे असं काही असतं तर!"

चहा उतू गेला. खरंच गेला, शेगडी अजून पुसायची आहे.

अरे बापा, तू नागपूरचा. कॉलेजात असताना काटोल रोडने किती वेळा बाइक दामटत गेलास. त्याच रस्त्यावर जुनापाणी आहे. तिथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपली मेलेली माणसं पुरून त्यांच्याभोवती मांडलेली. १८७९ साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहून ठेवलंय. आणि तू विचारतोस, असतं तर!

मी सहावीत होतो. मामा मला लुनावर मागे बसवून तिथे घेऊन गेले होते. का नेलं, देव जाणे. ते काही इतिहासाचे मास्तर नव्हते, कारकुनी करायचे. मला वाटलं किल्ला वगैरे असेल. बघतो तर मुरमाचा बसका उंचवटा आणि भोवती काळ्या धोंड्यांचं कडं. मी हिरमुसून एका धोंड्यावर बसलो आणि संत्रं सोलायला घेतलं. मामांनी दंडाला धरून उठवलं. "ऊठ बे. कोनाच्या उशाशी बसून राह्यला तू?"

मान्य, स्टोनहेंज जास्त जुनं आहे, मोठं आहे, नीट राखलंय. (कमेंटमध्ये लिहायच्या आधीच सांगतो.) पण तेही १९१५ साली लिलावात विकलं गेलं होतं, सहा हजार सहाशे पौंडांना. ज्याने घेतलं त्याने तीन वर्षांनी देशाला देऊन टाकलं. म्हणजे अक्कल त्यांनाही उशिराच आली.

आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याला दगड कळतो, पण शेंदूर फासलेला. रामटेकला आपण लेकराबाळांसकट जातो. राम तिथे थांबला होता, कालिदासाचा रामगिरी तो हाच, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असतं. मीही जातो, मलाही तो डोंगर आवडतो, पावसाळ्यात तर काय विचारता. पण जुनापाणीच्या माणसांचं नाव कुणाला माहीत नाही. देव नाही, कथा नाही, नवस नाही, मग जायचं काहून? आपल्याच नागपूर जिल्ह्यात, माहूरझरीला, त्याच काळातल्या अशाच वर्तुळांच्या उत्खननात घोड्यांच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे साज मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. आपल्याच मातीत ही माणसं घोडे नटवत होती, लोखंड गाळत होती. आपल्याला मात्र वीकेंडला फार्महाउस हवं.

संत्र्याची सालं खिशात कोंबायला लावून मामांनी मग एका धोंड्यावरचे खळगे दाखवले. ओळीने कोरलेले, छोट्या वाटीसारखे. "बोट घाल." पहिल्या पेरापर्यंत गेलं. दगड उन्हाने तापला होता, खळग्यात बारीक माती होती आणि एक मुंगी. कशासाठी कोरलेत म्हणून विचारलं तर म्हणाले, "मले काय मालूम? ज्यानं कोरले तो झोपला हाये." पुढे कळलं की खगोलाचे अभ्यासकही या खळग्यांच्या दिशा मोजून गेलेत, आकाशाशी काही नातं लागतं का म्हणून. स्टोनहेंजला एरवी दुरूनच बघावं लागतं. इथे बोट घालता येतं. ही चैन आहे की हेळसांड, ते माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर हे सगळं, याहून बरंच तिखट, मी ग्रुपवर लिहिलं. ताईने अंगठा दिला. दुपारी भाच्याचं एका ओळीचं उत्तर आलं.

"मामा, तू कधी नेलंच नाहीस."

तासभर फोन पालथा घालून ठेवला होता. वीस वर्षं हा पोरगा माझ्याकडे दर सुट्टीत राहायला यायचा. मॉलमध्ये नेलं, फुटाळ्यावर नेलं, तर्री-पोहे चारले. जुनापाणी घरापासून अर्ध्या तासावर.

डिसेंबरात येतोय म्हणतो. संत्री असतीलच तेव्हा. कुणाकडे चालू स्थितीतली लुना असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.