फुकटची मासळी म्हणे!

आज बाजारात एक साहेब मासळीवाल्या मावशीशी हुज्जत घालत होते. "धरणातलीच ना? तुम्हाला फुकटच पडते की," म्हणत कतल्याचा भाव पाडून मागत होते. मी मासे खात नाही, तरी डोकं फिरलं.

फुकट? बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागतात. जाळं विकत, बर्फ विकत, टेम्पोचं भाडं वेगळं. एकदा थंडीत पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, जाऊन या, मग बोला.

काठच्या गावात आमचं किराणा दुकान. अप्पा माळकरी, मासळीचा वाससुद्धा चालायचा नाही. पण उधारीच्या वहीत शेतकऱ्यांची पानं कापूस विकेपर्यंत तशीच उघडी. मासेमारी करणाऱ्या भोयांच्या बायका मात्र बाजारातून आल्या की टोपलं दाराबाहेर ठेवायच्या, आधी मागची उधारी चुकती करायच्या, मग तेल-मीठ मागायच्या. त्याच रोकडीतून अप्पा होलसेलवाल्याचं बिल भागवायचे. म्हणजे माळकऱ्याच्या घरात, माझ्या शाळेच्या फीसकट, मासळीचा पैसा! अप्पांनी हे कधी कबूल केलं नाही. पण त्या बायांना वजनात कधी मारलंही नाही, हे सांगायला पाहिजे.

पाण्यात उतरणारा गडी निदान दिसतो तरी. घरी जाळं सांधत बसलेली म्हातारी, मासळी निवडणारी पोरगी, उन्हात बाजारात बसणारी बाई, यांचा रोज कुणी धरलाय? गावचं उत्पन्न म्हटलं की आपण ऊस, कापूस, सोयाबीन मोजतो आणि थांबतो.

२०१६ आठवतंय? लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. नाथसागर मृतसाठ्यात गेला होता. शेतकऱ्याला मदत मिळायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जाळं गुंडाळून मजुरीला बाहेर पडलेल्या भोयाच्या दारात पंचनाम्याचा कागद घेऊन आलेला माणूस मी तरी पाहिला नाही. कापूस गेला हे अप्पांना शिवारात दिसलं होतं, मासळी गेली हे गल्ल्यानं सांगितलं.

हो, काही जण बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी लावून पिल्लंही उचलतात. चूकच आहे. म्हणून सगळ्यांनाच चोर ठरवायचं?

२०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. बरं झालं, उशिरा का होईना. आता बँकेतल्या साहेबांनाही तो निर्णय कुणीतरी वाचून दाखवा. ओळखीतल्या एका वहिनींना कर्जासाठी गेल्यावर सातबाराच मागितला. पाण्याचा सातबारा त्यांनी आणायचा कुठून?

आणि दुकानाचं विचाराल, तर धाकटा भाऊ बघतो आता. आता वही नाही, मोबाईलवर हिशोब. कापसावरची उधारी त्याचीही अडकलेलीच आहे, आणि होलसेलवाल्याला पैसे कुठून देतोस, हे मी त्याला विचारत नाही.