शाई धावबाद

ताईनं भाचीला माझ्याकडे पाठवलं तेव्हा काम अगदी किरकोळ होतं. 'रन' या इंग्रजी शब्दाचे पाच अर्थ, प्रत्येकाचं एक वाक्य. म्हटलं, रन म्हणजे धावणे. क्रिकेटमधली रन, ती दुसरी. उरले तीन. पाच मिनिटांत उडवू.

पाचव्या मिनिटाला नाक धावू लागलं. 'माय नोज इज रनिंग' हे तिच्या पुस्तकातच छापलं होतं. मराठीत नाक निदान वाहतं, जागा सोडत नाही. मग 'द इंक हॅज रन आउट' आलं. भाची क्रिकेटवेडी.

"शाई धावबाद?"

"संपली गं."

"मग धावबाद झालेला फलंदाजही संपतो?"

तसं पाहिलं तर हो. पण हे तिच्या वहीत कुठे लिहू?

निवडणुकीत तर कहरच. ब्रिटनमधला उमेदवार 'स्टँड' करतो, अमेरिकेतला 'रन' करतो. म्हणजे एक उभा, दुसरा पळतोय आणि मतं मात्र दोघांनाही हवीत.

"आणि आपला?"

"आपलाही उभाच राहतो."

"हरला की?"

"पडतो."

"उभ्या उभ्या?"

मी पान उलटलं. 'रन इंटू'पुढे मित्र आला तर अवचित गाठ पडते, खांब आला तर टेंगूळ येतं. 'रन ओव्हर' त्याहून बेभरवशाचं. सभा रन ओव्हर झाली तर श्रोते चुळबुळतात. माणूस झाला तर काय, ते वाक्य मी तिला लिहू दिलं नाही.

शेवटी चोरून मोबाइल काढला. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात पूर्वी 'सेट' हा शब्द सर्वांत ऐसपैस पसरला होता. १९८९ च्या आवृत्तीत त्याच्या एकट्याच्या नोंदीलाच सुमारे ६०,००० शब्द लागले. पुढे 'रन'नं त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणूनच त्याचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर या संपादकांनी ते निस्तरण्यात नऊ महिने घालवले. आणि मी पाच मिनिटं म्हणालो होतो.

"कसली ही भाषा!" मी ताईला ऐकू जाईल असं म्हणालो. "आपल्याकडे कसं, एक शब्द, एक अर्थ."

"भूक लागली असेल तर या दोघं," आतून आवाज आला.

भाचीनं कान टवकारले. "मामा, भूक लागते. ठेच पण लागते ना?"

"लागते."

"दिवा? निकाल? वेड? आजोबांचा डोळा?"

आजोबांचा खरंच लागला होता, खुर्चीतच. मी घाईघाईनं म्हणालो, की निकाल लागणं वेगळं आणि एखाद्या गोष्टीचा निकाल लावणं वेगळं, आणि तिथेच फसलो. तिनं वहीचं मागचं पान उघडलं. आग, तहान, नाद, रांग, नंबर, चटका. जिभेला गोड लागतं, मनाला बोलणं लागतं, दार वाऱ्यानं आपोआप लागतं. 'रन'चं पान तसंच कोरं.

"पुरे आता," मी म्हणालो. "उशीर झालाय, मुकाट्यानं आवरायला लाग."

तिनं वहीत आणखी एक रेघ ओढली.