‘पर्मालिंक सेव्ह करा, ४०४ जाईल’: खरं किती, खोटं किती?

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा कस्टम पोस्ट टाइप (मजकुराचा आपण ठरवलेला प्रकार, जसं ‘पुस्तकं’) केला आणि त्याच्या पानावर ४०४ (‘पान सापडलं नाही’) आला, की एकच सल्ला फिरतो: ‘सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (पानांचे पत्ते) उघडा, काही न बदलता सेव्ह करा, म्हणजे कॅशे (तात्पुरती साठवण) साफ होतो. तरी परत तेच झालं, तर फ्लश रीराइट रूल्सची (पत्त्यांचे नियम नव्याने बांधणारी) ओळ थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये इनिट हुकला (वर्डप्रेस दर वेळी सुरू होताना चालणाऱ्या टप्प्याला) लावून मोकळे व्हा.’

‘कॅशे साफ होतो’: नाही. पत्त्यांचे नियम डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात साठवलेले असतात आणि टाइप नोंदवला म्हणून ती यादी बदलत नाही. सेव्ह केल्यावर ती नव्याने तयार होते, पण त्या क्षणी जे टाइप नोंदलेले असतात त्यांचीच. म्हणून टाइप नोंदवणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) ॲक्टिव्हेट होताना नुसतं फ्लश करून भागत नाही. तिथे इनिट आधीच होऊन गेलेलं असतं. टाइप त्याच फंक्शनमध्ये आधी नोंदवायचा, मग फ्लश.

‘इनिटला लावून मोकळे व्हा’: म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला अख्खी यादी नव्याने बांधायची. वर्डप्रेसचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही हे टाळायलाच सांगतं.

‘४०४ जाईल’: खरी दिशाभूल इथे आहे. एकेक नोंद उघडते पण सगळ्यांच्या यादीचं पान उघडत नाही? टाइप नोंदवतानाचं ‘हॅज आर्काइव्ह’ (यादीचं पान हवं का) मुळात बंद असतं, ते चालू करा. टाइप आणि टॅक्सॉनॉमी (नोंदींचं वर्गीकरण) दोन्हींना एकच स्लग (पत्त्यात येणारं नाव) दिलाय? मग एकाचा नियम दुसऱ्याचे पत्ते गिळतो, आणि शंभरदा सेव्ह केलं तरी तीच टक्कर नव्याने लिहिली जाते. (‘पर्मालिंक बिघडलं’ अशा तक्रारींत हे बरेचदा निघतं, आणि स्लगकडे कुणी बघत नाही.)

त्यापेक्षा आधी ४०४ कोणाचा आहे ते बघा. पान थीमचं (तुमच्या साइटच्या रूपातलं) नसून सर्व्हरचं कोरं असेल, तर रिक्वेस्ट वर्डप्रेसपर्यंत पोचलेलीच नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर एचटीॲक्सेस फाइल (अपाची सर्व्हर पत्त्यांचे नियम जिथून वाचतो ती) वाचत नाही. तिथे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ट्राय फाइल्सची (न सापडलेले पत्ते वर्डप्रेसकडे पाठवणारी) ओळ लागते. पान थीमचंच असेल तर क्वेरी मॉनिटर प्लगइनच्या रिक्वेस्ट पॅनेलमध्ये कोणता नियम जुळला ते दिसतं. टॅक्सॉनॉमीचा जुळला असेल तर स्लग बदला. टाइप किंवा टॅक्सॉनॉमी यांपैकी कुणाचाच नियम जुळला नसेल, तर मात्र सेव्हचं बटण दाबा.